मंगळावरच्या जुन्या साहसकथा हरवलेल्या नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मंगळमोहिमांविषयी आलेला लेख माहितीपूर्ण होता. त्याच्या अखेरीस लेखकांनी एडगर राइस बरोज यांच्या मंगळकथांचा ओझरता उल्लेख केला असून, ही पुस्तके आता जुन्या बाजारात नशिबाने हाती लागली तरच वाचायला मिळतात, अशी खंत व्यक्त केली आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट असल्याने हे पत्र लिहीत आहे. सार्वजनिक ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात माझी बरीच वर्षे गेली. अमुक पुस्तक कुठे मिळेल, हा प्रश्न तिथे रोजचाच. बहुतेक वेळा त्याचे उत्तर द्यायला वेळ लागतो, पण या लेखकाच्या बाबतीत ते सोपे आहे, फुकटचे आहे आणि मुख्य म्हणजे कायद्याला धरून आहे. तरीही मंगळकथांचे चाहते एकतर रद्दी दर्जाच्या पुनर्मुद्रणांवर पैसे घालवतात, नाहीतर मोबाइलवरून फिरणाऱ्या चोरीच्या प्रतींच्या मागे लागतात. या दोन्हींची गरज नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

ज्यांनी ही पुस्तके वाचलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. १९११ साली शिकागोमध्ये पेन्सिलीला टोक काढण्याच्या यंत्रांची विक्री पाहणाऱ्या, पस्तिशी गाठलेल्या आणि तोपर्यंत बऱ्याच उद्योगांत हात पोळून घेतलेल्या बरोज यांनी एक अचाट कथा लिहायला घेतली. 'ऑल-स्टोरी' या मासिकाने ती ४०० डॉलरना विकत घेऊन फेब्रुवारी ते जुलै १९१२ या अंकांत 'अंडर द मून्स ऑफ मार्स' या नावाने क्रमशः छापली. असले काही लिहिणाऱ्याचे डोके ठिकाणावर आहे हे लोकांना कळावे म्हणून त्यांनी 'नॉर्मल बीन' हे टोपणनाव घेतले होते; छापखान्यात त्याचे 'नॉर्मन बीन' झाले आणि विनोद वाया गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात याच मासिकात त्यांचा टारझन अवतरला आणि मंगळ काहीसा मागे पडला, पण सुटला नाही. पहिली कथा १९१७ मध्ये 'अ प्रिन्सेस ऑफ मार्स' या नावाने पुस्तकरूपात आली आणि पुढे मालिकेची एकूण अकरा पुस्तके झाली.

कथानक थोडक्यात असे. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेला कॅप्टन जॉन कार्टर १८६६ साली ॲरिझोनातील एका गुहेत निश्चेष्ट पडतो आणि डोळे उघडतो तो मंगळावर. तिथले रहिवासी आपल्या ग्रहाला बारसूम म्हणतात. समुद्र आटलेले आहेत, त्यांच्या तळावर पिवळसर शेवाळ पसरले आहे, पाणी कालव्यांनी आणावे लागते आणि हवासुद्धा एका प्रचंड कारखान्यात तयार होते. पंधरा फूट उंचीच्या, सहा अवयवांच्या हिरव्या योद्ध्यांच्या टोळ्या, आकाशात तरंगणारी आरमारे आणि हेलियम नगरीची राजकन्या डेजा थोरिस हा सारा पसारा त्या पार्श्वभूमीवर उभा राहतो. मंगळाचे गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून कार्टर पहिल्याच पावलाला उंच उडतो आणि तोंडावर आपटतो. हा प्रसंग मला आजही मालिकेतील सर्वांत जिवंत वाटतो, कारण पुढे सर्वांना लोळवणारा हा नायक तिथे रांगणाऱ्या पोरासारखा चालायला शिकत असतो.

हे सर्व हवेतून आलेले नव्हते. पर्सिव्हल लॉवेल यांनी १८९४ मध्ये ॲरिझोनातील फ्लॅगस्टाफ येथे वेधशाळा उभारली आणि मंगळावर कालव्यांचे जाळे आहे, ते मरणपंथाला लागलेल्या एखाद्या प्रगत समाजाने खोदले असावे, हा विचार १८९५, १९०६ आणि १९०८ मधील तीन पुस्तकांतून हिरिरीने मांडला. बरोज यांनी त्या शास्त्रीय तर्काला तलवारी आणि राजकन्या जोडल्या. जुलै १९६५ मध्ये मरिनर-४ हे यान मंगळाजवळून गेले, त्याने पाठवलेल्या बावीस छायाचित्रांत विवरेच विवरे दिसली आणि कालव्यांचा प्रश्न कायमचा मिटला. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी मात्र 'कॉसमॉस' या पुस्तकात मोकळेपणाने लिहून ठेवले आहे की लहानपणी ही पुस्तके वाचून आपण उघड्या मैदानात हात पसरून उभे राहत असू आणि मंगळाने आपल्याला उचलून न्यावे अशी आळवणी करत असू. मंगळाच्या दक्षिण भागातील एका विवराला आज बरोज यांचे नाव आहे, ते उगीच नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मायकेल हार्ट यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या प्रोजेक्ट गुटेनबर्ग या इंटरनेटवरच्या मोफत ग्रंथसंग्रहात 'अ प्रिन्सेस ऑफ मार्स' हे बासष्ट क्रमांकाचे पुस्तक आहे. आज त्या संग्रहात हजारो पुस्तके आहेत. त्यातील बासष्टावे म्हणजे अगदी आरंभीच्या काळातले, १९९३ मधले. पुढची तीन, म्हणजे 'द गॉड्स ऑफ मार्स', 'द वॉरलॉर्ड ऑफ मार्स' आणि 'थुव्हिया, मेड ऑफ मार्स', अनुक्रमे चौसष्ट, अडुसष्ट आणि बाहत्तर क्रमांकांवर आहेत. जगातील अभिजात ग्रंथ संगणकावर चढवायला निघालेल्या पहिल्यावहिल्या स्वयंसेवकांना शेक्सपिअरबरोबर बारसूमही आधी हवे होते, हे यावरून दिसते. ही पुस्तके मोबाइलवर, वाचनयंत्रावर किंवा साध्या मजकुराच्या रूपात उतरवून घेता येतात. नोंदणी लागत नाही, जाहिराती नाहीत, आणि एकदा उतरवून घेतल्यावर इंटरनेटचे जाळे नसले तरी वाचता येतात. खेड्यापाड्यांतील वाचकांना या शेवटच्या गोष्टीचे मोल मी सांगायला नको.

मालिकेच्या उत्तरार्धाकडे वळले की कायद्याची बाब येते. ती समजून घेतली नाही तर वाचक गोंधळतो. अमेरिकेत जुन्या प्रकाशित साहित्याचा प्रताधिकार (कॉपीराइट) प्रकाशनापासून पंच्याण्णव वर्षे चालतो; म्हणून १९२७ मध्ये छापले गेलेले 'द मास्टर माइंड ऑफ मार्स' तिथे १ जानेवारी २०२३ रोजी मुक्त झाले आणि त्यानंतरच्या पुस्तकांची मुदत एकेक करून संपते आहे. आपल्याकडचा हिशेब वेगळा. १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे प्रताधिकार राहतो. पूर्वी ही मुदत पन्नास होती. रवींद्रनाथांचे साहित्य मुक्त व्हायची वेळ आली तेव्हा १९९२ च्या दुरुस्तीने ती साठ झाली. बरोज १९ मार्च १९५० रोजी वारले. म्हणजे भारतात त्यांचे लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांचे झाले आहे. जे पुस्तक उतरवून घ्यायला अमेरिकेतील वाचकाला थांबावे लागते, ते नाशिकचा किंवा मडगावचा वाचक आज निर्धास्तपणे वाचू शकतो. ती पुस्तके मिळण्याचे ठिकाण म्हणजे प्रोजेक्ट गुटेनबर्ग ऑस्ट्रेलिया ही स्वतंत्र संस्था. ऑस्ट्रेलियात पूर्वी मृत्यूनंतर पन्नास वर्षांचा नियम होता. २००५ पासून तो सत्तर वर्षांचा झाला, पण तोवर मुक्त झालेले साहित्य मुक्तच राहिले आणि बरोज त्यात बसले. अकराव्या पुस्तकाबाबत मात्र मी जरा हात राखून बोलेन. ते लेखकाच्या पश्चात १९६४ मध्ये निघाले आणि त्यातील एक कथा मुख्यतः त्यांच्या मुलाची असल्याचे मानले जाते. मालिकेतील सर्वांत दुबळे पुस्तकही तेच, त्यामुळे ते राहून गेले तरी फारसे बिघडत नाही.

आता पुनर्मुद्रणांविषयी, कारण माझी मुख्य तक्रार तिथे आहे. प्रताधिकार संपला की कोणीही पुस्तक छापू शकतो, हे योग्यच आहे. पण कोणीही म्हणजे खरोखर कोणीही. एका ऑनलाइन दुकानातून एका वाचकाने मागवलेली प्रत माझ्याकडे दाखवायला आणली होती. मुखपृष्ठावर संगणकाने रंगवलेला अंतराळवीर होता, अंगात अवकाशपोशाख आणि डोक्यावर काचेचे शिरस्त्राण. बारसूमवर यातले काहीच नाही, तिथे लोक अंगावर दागिने आणि शस्त्रांचे पट्टे यांखेरीज फारसे काही घालतच नाहीत. आत प्रकरणांची नावे गायब होती. जुन्या पानांची यंत्राने घेतलेली नक्कल कोणी न वाचता तशीच छापल्यामुळे 'ही'च्या जागी 'बी', 'टर्न'च्या जागी 'टम' अशी इंग्रजी अक्षरांची भेसळ पानोपानी होती, आणि पानाच्या डोक्यावरचा पृष्ठांक थेट संवादाच्या मधोमध येऊन बसला होता. एका प्रकरणात तर डेजा थोरिस वाक्य उच्चारत असताना अचानक एकशे बारा म्हणते. या प्रतीला साडेतीनशे रुपये मोजले होते. प्रकाशकाचे नाव लिहीत नाही. असे बरेच आहेत आणि नावे बदलत राहतात. विकत घ्यायचेच असेल तर आधी दोनचार पाने चाळायला मिळतात का ते पाहावे आणि संपादकाचे किंवा प्रस्तावनाकाराचे नाव शोधावे. ते नसेल तर पैसे खिशातच ठेवावेत.

याउलट विनामोबदला काम करणाऱ्यांची शिस्त पाहण्यासारखी आहे. २००० मध्ये सुरू झालेल्या डिस्ट्रिब्यूटेड प्रूफरीडर्स या उपक्रमात जुन्या पुस्तकाचे एकेक पान स्वयंसेवकांमध्ये वाटले जाते. पडद्यावर एका बाजूला मूळ छापील पानाचे छायाचित्र आणि दुसऱ्या बाजूला यंत्राने ओळखलेला मजकूर अशी मांडणी असते. स्वयंसेवकाने ओळीला ओळ लावून तपासायचे, स्वल्पविरामसुद्धा सोडायचा नाही, आणि लेखकाने केलेली चूक आपल्या मनाने दुरुस्त करायची नाही. तेच पान मग दुसरा माणूस तपासतो, त्यानंतर तिसरा. छापखान्यात मुद्रितशोधन केलेल्या कोणालाही ही पद्धत ओळखीची वाटेल. गुटेनबर्गवरील आरंभीची पुस्तके या व्यवस्थेच्या आधीची असली, तरी तिथे गेल्या दोन दशकांत आलेल्या पुष्कळ जुन्या अद्भुतकथांमागे हेच हात आहेत. दिवसाला एक पान तपासले तरी चालते. इंग्रजी उत्तम असलेल्या आपल्याकडच्या निवृत्त शिक्षकांनी या कामात लक्ष घातले तर त्यांचा वेळ सत्कारणी लागेल.

ज्यांना केवळ मजकूर पुरत नाही, तो ज्या रूपात प्रथम वाचला गेला ते रूप पाहायचे आहे, त्यांच्यासाठी ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेले इंटरनेट आर्काइव्ह आहे. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या त्या काळच्या मासिकांचे हजारो अंक तिथे पानोपानी छायाचित्रित केले आहेत. हा कागद आम्लामुळे पिवळा पडून बोटांखाली तुकडे होतो, म्हणून मूळ अंक हाताळणे संग्राहकालाही परवडत नाही. पडद्यावर मात्र ती पाने निर्धास्त उलटता येतात. ह्यूगो गर्न्सबॅक यांच्या 'अमेझिंग स्टोरीज' या मासिकाच्या १९२७ च्या वार्षिक अंकात 'द मास्टर माइंड ऑफ मार्स' आधी आली. तो अंक पाहताना कथेइतकीच मजा भोवतीच्या मजकुराची येते. राजकन्येचा मेंदू दुसऱ्याच्या कवटीत बसवला जात असतो आणि त्याच अंकातल्या जाहिराती घरबसल्या धंदेशिक्षण आणि दंडाचे स्नायू कमावायचे मार्ग विकत असतात. कोणत्या वर्गासाठी, किती किमतीला आणि कशाच्या शेजारी या कथा छापल्या जात होत्या, हे एका पानात कळते. इथे एक सावधगिरी बाळगावी. आर्काइव्हमध्ये कोणीही काहीही चढवू शकतो, त्यामुळे तिथे दिसते ते सर्व प्रताधिकारमुक्त आहे असे समजू नये. बरोज यांचा हिशेब सरळ आहे. पण मंगळावर तितक्याच ताकदीने, किंबहुना माझ्या मते अधिक ताकदीने लिहिणाऱ्या ली ब्रॅकेट १९७८ मध्ये वारल्या, तेव्हा त्यांच्या कथांबाबत प्रत्येक वेळी तपासूनच पुढे जावे.

संदर्भासाठी तीन ठिकाणे पुरेशी आहेत. इंटरनेट स्पेक्युलेटिव्ह फिक्शन डेटाबेसमध्ये कोणती कथा कोणत्या मासिकाच्या कोणत्या अंकात प्रथम आली, पुस्तक कधी झाले, मुखपृष्ठ कोणी काढले, याची तारीखवार नोंद मिळते. ग्रंथपालाच्या दृष्टीने इतकी नेटकी सूची अनेक विद्यापीठांनाही जमलेली नाही. १९७९ मध्ये छापील निघालेला विज्ञानकथांचा विश्वकोश २०११ पासून जाळ्यावर खुला आहे आणि त्यातील ग्रहसाहसांवरची नोंद वाचली की बरोज यांच्या आधी आणि नंतर कोण उभे आहे ते स्पष्ट होते. तिसरे ठिकाण निव्वळ प्रेमाचे आहे. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातील एक दांपत्य १९९६ पासून 'ईआरबीझीन' नावाने बरोज यांच्याविषयीची हजारो पाने जमा करत आले आहे. पत्रे, नकाशे, शब्दकोश, चित्रकारांची माहिती, मूळ आवृत्त्यांची छायाचित्रे असे सगळे तिथे आहे. मांडणी जुन्या वळणाची आहे, रंग डोळ्यांना खुपतात आणि हवी ती गोष्ट पहिल्या झटक्यात सापडत नाही. पण मी तिथे माहिती शोधायला गेलो आणि रिकाम्या हाताने परतलो असे झालेले नाही. १९३६ मध्ये बॉब क्लॅम्पेट यांनी बरोज यांच्या मुलाच्या साथीने मंगळकथेवर ॲनिमेशनपट काढायचा घाट घातला होता आणि त्याची काही नमुनादृश्ये तयारही केली होती, ही हकिकत मला अशाच भटकंतीत कळली. तो प्रकल्प बारगळला आणि मोठा चित्रपट यायला २०१२ उजाडले. तोही आपटला, तो इतका वाईट नव्हता असे माझे मत आहे, पण तो वाद वेगळा.

डोळ्यांना त्रास असलेल्यांनी किंवा एसटीच्या लांबच्या प्रवासात काही ऐकू पाहणाऱ्यांनी लिब्रिव्हॉक्स हे नाव लक्षात ठेवावे. २००५ पासून स्वयंसेवक तिथे प्रताधिकारमुक्त पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करतात. पहिल्या पुस्तकाची तिथे एकाहून अधिक वाचने आहेत. सर्व वाचक सारख्या कुवतीचे नसतात; पाच मिनिटे ऐकून आवाज पटला तरच पुढे जावे, नाहीतर दुसरे वाचन घ्यावे.

बरोज यांच्या पूर्वसुरींपैकी एकाचा आपल्या पुण्याशी संबंध आहे. १९०५ मध्ये एडविन लेस्टर आर्नल्ड यांची 'लेफ्टनंट गलिव्हर जोन्स' ही कादंबरी निघाली. अमेरिकन आरमारातील एक अधिकारी गालिच्यावर बसून मंगळावर पोहोचतो, पळवून नेलेल्या राजकन्येच्या मागे जातो, वाटेत मृतांना वाहून नेणारी नदी लागते. बरोज यांच्या मंगळावरही मृत्यूकडे नेणारी पवित्र नदी आहे, आणि त्यांनी आर्नल्ड वाचले होते की नाही यावर अभ्यासक अजून हमरीतुमरीवर येतात. हे आर्नल्ड म्हणजे 'द लाइट ऑफ एशिया' हे बुद्धावरचे काव्य लिहिणाऱ्या आणि गीतेचे इंग्रजी रूपांतर करणाऱ्या सर एडविन आर्नल्ड यांचे चिरंजीव. वडील १८५६ पासून काही वर्षे पुण्याच्या त्या सरकारी महाविद्यालयाचे प्राचार्य होते, ज्याचे पुढे डेक्कन कॉलेज झाले, आणि मुलाचे बालपण बरेचसे हिंदुस्थानात गेले. त्या कादंबरीतील आळशी, सुंदर, पराभूत नगरी आणि तिच्याकडून खंडणी वसूल करणारे रांगडे शेजारी यांच्यामागे इथल्या आठवणी किती, हे सांगता येणार नाही; पण पुण्यातील मंगळप्रेमींनी तरी हे पुस्तक वाचायला हरकत नसावी. तेही गुटेनबर्गवर आहे. पर्सी ग्रेग यांची १८८० मधील मंगळयात्राही तिथेच सापडेल, मात्र तिला सोसण्याची तयारी हवी.

वाचताना शेजारी एखादा नकाशा असावा. नासाच्या 'मार्स ट्रेक' या सोयीत यानांनी घेतलेल्या छायाचित्रांवरून मंगळाचा पृष्ठभाग हवा तितका जवळ आणून पाहता येतो, आणि लॉवेल यांचे कालव्यांचे नकाशेही जाळ्यावर सहज मिळतात. दोन्ही शेजारीशेजारी ठेवले की शाळकरी मुलांशी विज्ञानावर बोलायला विषय मिळतो. एक उदाहरण देतो. बरोज लिहितात की मंगळाचा जवळचा चंद्र साडेसात तासांहून थोड्या अधिक वेळात प्रदक्षिणा पूर्ण करतो आणि रात्रीतून दोनतीनदा आकाशातून धावताना दिसतो. आसफ हॉल यांनी १८७७ मध्ये शोधलेल्या फोबोसची प्रदक्षिणा सात तास एकोणचाळीस मिनिटांची आहे, म्हणजे आकडा चोख आहे. त्याच्या उजेडात समुद्रतळ न्हाऊन निघतो हे वर्णन मात्र अतिशयोक्त, कारण मंगळावरून फोबोसचा व्यास आपल्या चंद्राच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच दिसतो. कुठे अभ्यास संपला आणि कुठे कल्पना सुरू झाली, हे मुलांनी स्वतः हुडकून काढण्यात गंमत आहे. खेळाची आवड असणाऱ्यांनी 'द चेसमेन ऑफ मार्स'चे परिशिष्ट उघडावे. तिथे जेटान या मंगळी बुद्धिबळाचे नियम दिले आहेत. दहा बाय दहाचा पट, प्रत्येकी वीस सोंगट्या, एक बाजू काळी आणि दुसरी नारिंगी. राजकन्या मारली गेली की डाव संपतो. सरदाराला सरदारानेच मारले तर विजय, इतर कोणी मारले तर बरोबरी. पुठ्ठ्यावर पट आखून हा खेळ सहज मांडता येतो.

या कथा निर्दोष आहेत असे मी म्हणत नाही. सुरुवातीच्या प्रकरणांतील अपाची लोकांचे चित्रण एकांगी आहे. लेखकाने स्वतः १८९६-९७ मध्ये ॲरिझोनातील फोर्ट ग्रँट येथे घोडदळात नोकरी केली होती, आणि त्या छावणीची नजर तिथे उतरली आहे. नायक दक्षिणेचा सैनिक असल्याचा अभिमान मिरवतो. वंशांची उतरंड जागोजागी डोकावते, जरी पुढे तोच नायक हिरव्या टार्स टार्कसला जिवलग मानतो. योगायोगांना तर धरबंध नाही. लहान मुलांच्या हाती पुस्तक देणाऱ्या पालकांनी हे आधी जाणून घेतलेले बरे.

आपल्या दैनिकामार्फत एक विनंती ग्रंथालयांना करायची आहे. तालुक्याच्या 'अ' वर्ग ग्रंथालयांमध्ये संगणक आहेत. त्यातले काही आच्छादनाखालून क्वचितच बाहेर येतात. वर लिहिलेल्या पाचसहा ठिकाणांची नावे एका कागदावर लिहून तो वाचनकक्षात लावायला खर्च येत नाही, आणि सभासदाला पुस्तक उतरवून द्यायला ग्रंथपालाची दहा मिनिटे पुरतात. दुसरी विनंती अनुवादकांना. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या घराघरांत नेला. बारसूमला तसा कोणी वाली हवा. मूळ मजकुराचा अनुवाद करायला आज कोणाची परवानगी लागत नाही. फक्त मुखपृष्ठ करताना जपावे. बरोज यांनी १९२३ मध्ये स्वतःच्या नावाने काढलेली कंपनी अजून चालू आहे आणि पात्रांच्या नावांवर ट्रेडमार्कचा हक्क सांगते. २०१२ मध्ये तिने अमेरिकेतील एका चित्रकथा प्रकाशकावर दावा लावला होता. तो २०१४ मध्ये तडजोडीने मिटला. तेव्हा पुस्तक छापण्यापूर्वी प्रकाशकाने वकिलाचे मत घेतलेले बरे.

नव्याने वाचू इच्छिणाऱ्यांना शेवटी एक व्यावहारिक सूचना. पहिली तीन पुस्तके एकाच बैठकीत उतरवून घ्यावीत. 'द गॉड्स ऑफ मार्स'च्या शेवटच्या पानावर डेजा थोरिस एका फिरत्या कोठडीत अडकते, वर्षभर उघडणार नाही असे तिचे दार मिटत जाते, आत खंजीर उगारला गेलेला असतो, आणि पुस्तक तिथेच थांबते. मासिकाच्या वाचकांना ही टांगणी मे १९१३ मध्ये लागली आणि पुढचा भाग सुरू व्हायला डिसेंबर उजाडला.

आपला,
एक वाचक, सातारा